पत्ता हरवलेली तळटीप

१८२६ साली लंडनमध्ये मराठ्यांच्या इतिहासावरचा तीन खंडांचा एक इंग्रजी ग्रंथ छापला गेला. लेखक जेम्स ग्रँट डफ. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं या लष्करी अधिकाऱ्याला साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारी नेमलं होतं. तिथली चार-पाच वर्षं त्यानं राज्यकारभारासोबत कागद गोळा करण्यात घालवली. दफ्तरं पाहिली, बखरी मिळवल्या, जुन्या घराण्यांकडून नकला करून घेतल्या. त्याच्या ग्रंथात पानांच्या तळाशी बारीक अक्षरात टिपा आहेत. त्यांपैकी काहींत तो सांगतो की हे अमुक हस्तलिखित, आणि याची नक्कल मी मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवली आहे.

आजच्या कुठल्याही मोजपट्टीनं हा संदर्भ उत्तम म्हणावा लागेल. डफ मूळ साधनाचं नाव सांगतो आणि वाचकाला ते तपासता यावं म्हणून त्याची प्रत एका सार्वजनिक संस्थेत ठेवतो. यापेक्षा जास्त काय करणार?

चाळीसेक वर्षांनी पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणानं डफच्या ग्रंथाची जाहीर चिकित्सा केली. इंग्रजी शिकलेल्या पिढीला आपला इतिहास एका इंग्रजाच्या पुस्तकातून वाचावा लागत होता. त्यामुळे त्या पुस्तकाखाली काय दडलंय हे बघण्याची ओढ साहजिक होती. मग डफनं ठेवलेल्या त्या नकलांचा शोध सुरू झाला. मराठी अभ्यासकांच्या हाती त्या लागल्या नाहीत. काम झाल्यावर डफनं कागद जाळून टाकले, असाही प्रवाद पसरला. तो खरा की खोटा हे ठरवायलासुद्धा कागदच हवे होते.

दरम्यान त्या सोसायटीचंही रूप पालटलं होतं. १८०४ साली सुरू झालेली ही संस्था १८३० च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. आज तिला आपण एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई म्हणतो. डफच्या टिपेतला पत्ता छापील पानावर जसाच्या तसा राहिला, पण त्या नावाची संस्थाच उरली नाही, आणि जिथं जायचं तिथं वस्तूही मिळेना.

हे वाचताना तुम्हाला तुमच्या फोनच्या पडद्यावरचा '४०४' आठवला असेल, तर बरोबरच आहे. हा लेख त्याबद्दलच आहे. आपण निबंधात, प्रबंधात, लेखात इंटरनेटवरचा संदर्भ देतो तेव्हा नेमकं काय देतो? आणि तो चाळीस वर्षांनी नाही, निदान चार वर्षांनी तरी कुणाला सापडेल का?

दिसतं छापील, वागतं दफ्तरासारखं

तळटीप विद्वत्ता मिरवायला असते असा एक समज आहे. प्रत्यक्षात ती अनोळखी वाचकासाठी ठेवलेली वाट असते. मी या वाटेनं इथवर आलो, पटत नसेल तर तुम्हीही चालून बघा, एवढंच ती म्हणते. म्हणून तिची जागाही महत्त्वाची. १७७६ साली एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला, तेव्हा टिपा पुस्तकाच्या शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं मुद्रकाला पत्र लिहून कुरकुर केली की दरवेळी मागची पानं उलटायला लागतात, टिपा पानाच्या तळाशीच छापा. नंतरच्या एका आवृत्तीत त्या तळाशी आल्या. वाचक आणि पुरावा यांच्यातलं अंतर कमी करा, अशी ती मागणी होती. अडीचशे वर्षांनी आपण टॅप करतो ती लिंक म्हणजे तीच मागणी पुरी झालेली.

आज कॉलेजात कंसात लेखकाचं आडनाव आणि साल लिहायची जी पद्धत शिकवतात, तिचा उगम साधारणपणे १८८१ च्या एका निबंधात सांगितला जातो. तो लिहिला हार्वर्डच्या एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञानं, आणि विषय होता बागेतली बिनशंखाची गोगलगाय. 'हार्वर्ड पद्धत' हे भारदस्त नाव या गोगलगायीच्या मागून आलं आहे.

या सगळ्या पद्धतींनी एक गोष्ट गृहीत धरली होती. छापील पुस्तकाच्या शेकडो एकसारख्या प्रती असतात. 'खंड दुसरा, पान ११४' असं लिहिलं की पुण्यातल्या, बडोद्यातल्या आणि लंडनमधल्या प्रतीत ११४ व्या पानावर तोच मजकूर असतो. एक प्रत वाळवीनं खाल्ली तर दुसरी असते. छापून विकलेल्या प्रतीत लेखकाला मागाहून गुपचूप बदल करता येत नाही. दुरुस्ती करायची तर नवी आवृत्ती काढावी लागते आणि ती नवी आहे हे मुखपृष्ठावर सांगावं लागतं.

हस्तलिखिताचं तसं नसतं. ती एकच प्रत, कुणा एकाच्या माळ्यावर. मालक मेहेरबान असेल तर दाखवील, नसेल तर नाही. पाऊस, उंदीर, भाऊबंदकी, काहीही तिचा घास घेऊ शकतं.

वेबपान दिसतं छापील पानासारखं. सुबक टाइप, शीर्षक, तारीख, सगळं असतं. पण ते वागतं दफ्तरातल्या कागदासारखं. ते एका मालकाच्या एका सर्व्हरवर असतं. डोमेनचं भाडं थकलं तर गेलं. संकेतस्थळाची नवी रचना झाली की जुने पत्ते गेले. मालकाला वाटलं तर रात्रीत मजकूर बदलला, आणि पत्ता तोच. ऑनलाइन संदर्भ देण्यातल्या बहुतेक चुका इथून सुरू होतात. आपण हस्तलिखिताला छापील पुस्तकाची तळटीप लावतो.

राजवाड्यांची तोड

एकुलत्या एक कागदांचा हा प्रश्न महाराष्ट्रात एका पिढीनं फार जिद्दीनं सोडवला होता. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघालं आणि जुनी काव्यं, बखरी, पत्रं छापली जाऊ लागली. १८९७ पासून वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं छापायला सुरुवात केली. आणि १८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड आला. ही माला पुढे बावीस खंडांपर्यंत गेली.

राजवाडे गावोगाव हिंडले. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठ, देवस्थानं, जिथं मोडी कागदांचं बासन असण्याची शक्यता तिथं ते पोचत. कुणी कागद दाखवी, कुणी दारातूनच वाटेला लावी. बखर ही घटनेनंतर, कधी कधी शंभर वर्षांनी लिहिलेली असते. त्यामुळे त्या काळातलं अस्सल पत्र तिच्याहून वरचं, हा त्यांचा आग्रह होता. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. राजवाड्यांनी 'मी अमक्या वाड्यात एक पत्र पाहिलं' एवढं सांगून इतिहास लिहिला नाही. त्यांनी ते अख्खं पत्र छापलं, त्याला लेखांक दिला आणि खंडात बसवलं.

म्हणून आजही मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणारा माणूस तळटिपेत राजवाड्यांचा खंड आणि लेखांक एवढंच लिहितो. मूळ कागद कदाचित हरवला असेल, तो वाडा पडला असेल, घराणं मुंबईला गेलं असेल. संदर्भ जिवंत आहे, कारण तो वाड्याच्या पत्त्यावर टेकलेला नाही, शेकडो प्रतींतल्या एका क्रमांकावर टेकलेला आहे. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. तोवर अभ्यासकांना जवळजवळ बंद असलेल्या त्या दफ्तरातले रुमाल अशा रीतीनं सगळ्यांसमोर सुटले.

मूळ वस्तू नाजूक असेल तर तिची पूर्ण प्रत दुसरीकडे ठेवा, प्रतीला न बदलणारा क्रमांक द्या, आणि संदर्भ त्या क्रमांकाचा द्या. ही तोड शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथं सापडली होती. वेबला ती पुन्हा शोधावी लागली.

तुटण्याची मुभा

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांची तक्रार होती माहिती हरवण्याची. हजारो शास्त्रज्ञ येतात, दोन-चार वर्षं काम करतात, निघून जातात आणि कुठल्या यंत्राबद्दल काय ठरलं होतं हे त्यांच्याबरोबर जातं. ती गळती थांबवायला त्यांनी जे बनवलं ते वेब.

'हायपरटेक्स्ट' हा शब्द त्याआधी १९६५ मध्येच टेड नेल्सन यांनी छापील वापरात आणला होता. त्यांच्या 'झनाडू' प्रकल्पात प्रत्येक दुवा दोन्ही बाजूंनी जोडलेला असणार होता. तुम्ही माझ्या पानाला दुवा दिलात की मला ते कळेल, आणि दुवा सहजी तुटणार नाही. कल्पना देखणी होती, पण जगभर कधी पसरली नाही. बर्नर्स-ली यांनी उलट केलं. दुवा एकाच दिशेचा. कुणाची परवानगी नको, कुठे नोंद नको. पलीकडचं पान गेलं तर जाऊ दे, सर्व्हर '४०४, सापडलं नाही' असं उत्तर देईल. या ढिलाईमुळेच वेब इतकं झपाट्यानं वाढलं. तुटण्याची मुभा ही वेबच्या रचनेतच आहे, आणि तिची किंमत तळटिपांना मोजावी लागते.

खुद्द बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहिलं की पानांचे पत्ते बदलू नयेत, आणि ते बदलतात ते तंत्रामुळे नाही, माणसांच्या निष्काळजीपणामुळे. गंमत अशी की जगातलं पहिलं संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर परत उभं करायला सर्नला २०१३ मध्ये वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला.

किती तुटतं? हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१३-१४ च्या सुमारास अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांमधल्या लिंका तपासल्या. त्यांतल्या निम्म्या लिंका मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हत्या. हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

नुसतं तुटणं परवडलं. २०११ मध्ये हिंसक व्हिडिओ गेमवरच्या एका खटल्यात न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी आपल्या मतात एका संकेतस्थळाचा संदर्भ दिला. पुढे त्या डोमेनची मुदत संपली. कुणीतरी मिश्किल माणसानं ते विकत घेतलं आणि तिथं न्यायालयाला टोमणा मारणारा मजकूर लावला, की बघा, इंटरनेटवरची माहिती किती क्षणभंगुर असते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तळटिपेत एका अनोळखी माणसाला हवं ते लिहिता आलं, ते निकालपत्राला हातही न लावता. त्यानं थट्टाच केली हे नशीब. त्या जागी पहिल्यासारखाच दिसणारा, पण आकडे बदललेला मजकूर असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं?

म्हणजे रोग दोन आहेत. पहिल्यात पत्ता मरतो. दुसऱ्यात पत्ता जिवंत राहतो, पण घरात दुसराच माणूस राहायला येतो. दुसरा जास्त वाईट, कारण तिथं ४०४ ची पाटीसुद्धा लागत नाही.

मराठीला तिसराही एक रोग आहे. युनिकोड रुळण्याआधीची कितीतरी मराठी पानं त्या त्या संकेतस्थळाच्या खास फॉन्टवर चालत. आज असं पान उघडलं तर पत्ता बरोबर, मजकूरही तोच, पण दिसतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. मोडी वाचणारे कमी झाले तसं हे झालं, फक्त वीसेक वर्षांत.

तीन साक्षीदार की एकाचेच तीन आवाज

संदर्भाचं दुसरं काम म्हणजे साक्षीदार मोजणं. तीन संकेतस्थळांवर एकच गोष्ट सापडली की आपल्याला ती पक्की वाटते.

२००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्यानं गंमत म्हणून विकिपीडियाच्या 'कोआटी' या दक्षिण अमेरिकी प्राण्यावरच्या लेखात एक वाक्य घातलं, की याला ब्राझिलियन आर्डव्हार्क असंही म्हणतात. असं कुणीही म्हणत नव्हतं. पण ते वाक्य टिकलं. पुढे ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ते नाव वापरलं, ते एका पुस्तकातही शिरलं. मग विकिपीडियाच्या त्या वाक्याला संदर्भ म्हणून छापील बातमी जोडली गेली. वर्तुळ पूर्ण झालं. रँडल मन्रो या व्यंगचित्रकारानं २०११ मध्ये या प्रकाराला 'सायटोजेनेसिस' असं नाव दिलं. संदर्भापासून तथ्य जन्माला येतं, असा त्याचा रोख होता.

आता शेजारी शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद ठेवा. बखरींवरून शके १५४९ मधला वैशाख, म्हणजे १६२७ साल, बराच काळ धरलं जात होतं. मग मावळातल्या कारीच्या जेधे घराण्याकडून आलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या सुमारास प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. तंजावरहून आलेलं परमानंदाचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य छापलं गेलं, त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानात सापडलेली महाराजांची कुंडलीही त्याच बाजूची. मावळ, तंजावर आणि राजस्थान. तिन्ही ठिकाणचे कागद वेगवेगळ्या हातांचे, वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले. म्हणून १९ फेब्रुवारी १६३० या तारखेला वजन आलं.

तीन कागद तीन दिशांनी आले तर ते तीन साक्षीदार. तीन संकेतस्थळांनी एकाच विकिपीडिया लेखातलं वाक्य उचललं असेल तर साक्षीदार एकच, फक्त आवाज तीन. शब्दरचना तंतोतंत सारखी असेल, एकच शुद्धलेखनाची चूक तिन्हीकडे असेल, तर समजून जावं.

याचा परिणाम आपल्या लेखापुरता राहत नाही. १८७३ मध्ये अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी कुठल्या निकालाचा उल्लेख पुढे कुठल्या निकालात झाला याची सूची वकिलांना विकायला सुरुवात केली. तिच्यावरून युजीन गारफील्ड यांना विज्ञानासाठी तशीच सूची सुचली. त्यांनी १९५५ मध्ये ती कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी तोच विचार वेबपानांना लावला. ज्याच्याकडे जास्त आणि वजनदार दुवे येतात ते पान वर. गूगलचा जन्म तळटिपांच्या हिशेबातून झाला. तुम्ही इंटरनेटवर लिहिताना ज्याला लिंक देता त्याला एक मत देता. मूळ संशोधकाला सोडून त्याचा मजकूर ढापणाऱ्या पानाला लिंक दिली, तर शोधात ढापणारा वर जातो आणि वाड्यात धूळ खात बसलेला माणूस खाली.

मग लिहायचं कसं

पद्धती अनेक आहेत आणि त्यांनाही हा गुंता लगेच सुटलेला नाही. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशननं २००९ मध्ये सांगितलं की यूआरएल देण्याची सक्ती नको, पत्ते बदलत राहतात. २०१६ मध्ये त्यांनीच पुन्हा यूआरएल द्यायला सुचवलं. स्वल्पविराम कुठे हे तुमचं विद्यापीठ किंवा संपादक सांगेल. आत काय असायला हवं ते मात्र सगळीकडे सारखं आहे.

कुणी लिहिलं, शीर्षक काय, कुठे प्रसिद्ध झालं, कधी झालं, पत्ता काय, तुम्ही कधी पाहिलं, आणि त्याची जतन केलेली प्रत कुठे आहे. एकूण सात गोष्टी. नुसती लिंक चिकटवली तर यातली एकच देता, आणि तीही सर्वांत नाजूक. बाकीच्या दिल्या असतील तर लिंक मेल्यावरही लेखकाच्या नावावरून आणि शीर्षकावरून पान दुसरीकडे शोधता येतं. 'स्रोत : गूगल' किंवा 'स्रोत : इंटरनेट' हे तर 'स्रोत : पुणे' असं लिहिण्यासारखं आहे.

पाहिल्याची तारीख बदलणाऱ्या पानांसाठी लिहायची. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दुसऱ्याची लायब्ररी वापरतो तेव्हा 'ताजी असेल ती' असं लिहून मोकळं होत नाही, नेमकी आवृत्ती लिहून ठेवतो, नाहीतर आज चालणारा प्रोग्राम उद्या चालेल याची खात्री नाही. संदर्भाचंही तसंच. विकिपीडियाचा उल्लेख करायचाच असेल, तर लेखाच्या 'इतिहास' टॅबमध्ये प्रत्येक आवृत्तीचा स्वतंत्र, न बदलणारा पत्ता मिळतो. तो द्या. त्याहून बरं म्हणजे लेखाच्या तळाशी जाऊन मूळ साधन उघडा आणि वाचा.

जतन केलेली प्रत म्हणजे राजवाड्यांची तोड. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या इंटरनेट आर्काइव्हचं 'वेबॅक मशीन' २००१ पासून सर्वांना खुलं आहे. त्यावर पानाचा पत्ता टाकून 'सेव्ह पेज नाऊ' केलं की त्या क्षणाची प्रत तारीख-वेळेसह साठवली जाते. फोनवरून अर्ध्या मिनिटाचं काम. हार्वर्डच्या लॉ लायब्ररीनं वकील आणि अभ्यासकांसाठी अशीच 'पर्मा' ही सेवा २०१३ मध्ये सुरू केली. आपल्या तळटिपेत मूळ पत्ता आणि साठवलेला पत्ता, दोन्ही द्यावेत. मात्र तेही एकच घर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. महत्त्वाच्या पानाची पीडीएफ स्वतःकडेही ठेवा.

शोधनिबंधाला बहुधा डीओआय असतो. हा म्हणजे लेखांकच. प्रकाशकानं संकेतस्थळ बदललं तरी क्रमांक तोच राहतो, मागचा पत्ता तेवढा प्रकाशक बदलून घेतो. डीओआय असेल तर लांबलचक यूआरएलपेक्षा तो द्यावा.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचा एक सापळा आहे. पीडीएफचं ४७ वं पान पुस्तकात ३१ वं असू शकतं, कारण सुरुवातीची मुखपृष्ठ-प्रस्तावनेची पानंही फाइलमध्ये मोजली जातात. पानावर छापलेला आकडा द्या, आणि आवृत्तीचं साल द्या. स्कॅन तीन ठिकाणी मिळतो, पुस्तक एकच असतं. मराठी विश्वकोशाची नोंद वापरलीत तर नोंदीचं शीर्षक द्या आणि खाली छापलेलं नोंदलेखकाचं नावही द्या. ती नोंद 'विश्वकोशा'नं नाही, एका माणसानं लिहिलेली असते. व्हिडिओ असेल तर कितव्या मिनिटाला ते सांगा. दोन तासांच्या व्याख्यानाची नुसती लिंक देणं म्हणजे वाचकाला दफ्तरखान्यात सोडून दार लावून घेणं.

आणि जे स्वतः पाहिलं तेच 'पाहिलं' म्हणा. राजवाड्यांचा लेखांक तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या लेखात दिसला असेल, तर 'अमुक यांच्या लेखात उद्धृत' असं लिहा. यात कमीपणा काही नाही. उलट त्यांनी चुकीचा लेखांक दिला असेल तर ती चूक तुमच्या नावावर जमा होत नाही.

हा नियम आता पूर्वीपेक्षा जास्त कडकपणे पाळावा लागणार आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी जे जुने निकाल सादर केले, त्यांतले सहा अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीनं ते रचले होते, पक्षकारांची नावं आणि क्रमांक यांसकट. न्यायालयानं पाच हजार डॉलर दंड ठोठावला. आजवरच्या तळटिपांत पत्ता चुकायचा, बदलायचा, हरवायचा. इथं पत्ता अगदी व्यवस्थित आहे, घर कधी बांधलंच नव्हतं. अशी टीप ओळखायचा उपाय जुनाच आहे. उठायचं, त्या पत्त्यावर जायचं आणि दार वाजवायचं.

मराठीत याची गरज जास्त आहे, कारण आपल्याकडे दुसरी प्रत क्वचित असते. एखादी इंग्रजी बातमी गायब झाली तर तीच हकिकत आणखी दहा ठिकाणी सापडते. तालुक्याच्या वर्तमानपत्रानं छापलेली दुष्काळी छावणीची हकिकत, कुणा निवृत्त शिक्षकानं आपल्या गावाच्या शिलालेखावर लिहिलेलं पान, २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं तेव्हा त्यावर असलेल्या मराठी गप्पा, यांची प्रत कुणी केली नसेल तर ती कुठेच नाही. पुढच्या पिढीतला कुणी विशीतला माणूस आपल्या काळाबद्दल लिहायला बसेल, तेव्हा त्याला आपल्या लिखाणातल्या तळटिपाच हाताशी असतील. त्याला डफच्या टिपेसारखं नुसतं संस्थेचं नाव मिळायचं की राजवाड्यांच्या खंडासारखा उघडून वाचता येणारा लेखांक, हे आपण लिंक चिकटवताना ठरवत असतो. आज वाचलेलं एखादं मराठी पान तुम्ही उद्याच्या लेखात वापरणार असाल, तर ते बंद करण्याआधी जतन करून ठेवा.